सशाचे अंडे

प्राचीन नैयायिकांनी, या जगात जे नाही आणि कधी असणारही नाही, अशा वस्तूंची एक छोटेखानी यादी करून ठेवलेली आहे. वंध्येचा पुत्र, आकाशातले फूल आणि सशाचे शिंग ही त्या यादीतली ठळक नावे. मामलेदार कचेरीच्या दफ्तरात उमेदीची सारी वर्षे घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला, कोणतीही यादी दिसली की तीत काय राहून गेले आहे ते हुडकण्याची जी खोड जडलेली असते, तिला स्मरून मी नम्रपणे निवेदन करतो की, या यादीत सशाचे अंडे राहून गेले आहे. दोष अर्थात शास्त्रकारांचा नव्हे. सशाच्या डोक्यावर शिंग नाही याची खातरजमा रानातल्या एका फेरीत होण्यासारखी होती. परंतु पुढे कोणे एके काळी जर्मन मुलखात, ससा अंडी घालतो आणि वसंतातल्या एका रविवारी पोराबाळांसाठी ती बागेत लपवून ठेवतो, अशी समजूत रूढ होईल, आणि १६८२ साली त्याच मुलखातला एक वैद्य आपल्या लॅटिन ग्रंथात तिची रीतसर नोंद करील, हे मिथिलेत बसून त्यांना कसे दिसावे? आणि त्या सशाच्या उदरभरणासाठी पनवेलीस, वडाळे तळ्याच्या अलीकडे, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गाजराचे शेत पिकवावे लागेल, हे तर मलाही त्या रविवारच्या आठ दिवस आधीपर्यंत दिसले नव्हते.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वसईचे एक ख्रिस्ती कुटुंब गेली नऊ वर्षे राहते. त्यांचा आमचा घरोबा ताटाच्या मार्गाने जुळला. पहिल्या दिवाळीला आमच्याकडून फराळाचे ताट वर गेले; ते शेजारधर्माच्या अलिखित कायद्यान्वये रिकामे परत येणे शक्य नव्हते, सबब ते नाताळपर्यंत वरच राहिले आणि मग कुलकुल आणि नेवऱ्या यांनी शिगोशीग भरून खाली उतरले. आमच्या सौ.ने त्या ऐवजाची बारकाईने तपासणी करून असा निकाल दिला की, कुलकुल हा शंकरपाळ्याचा चुलतभाऊ असून नेवरी म्हणजे आपली करंजीच, सासरी गेल्यावर नाव बदललेली. तेव्हापासून ते ताट नेमके कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न दोन्ही घरांनी सोडून दिला आहे. वरच्या घरातल्या बाईंचे मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे, आणि त्यांच्या वृद्ध सासूबाई चष्मा लावून ‘सुवार्ता’ मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा या सासूबाईंनी साऱ्या इमारतीत पेढे वाटले होते. आणि ज्यांनी अध्यक्षांचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते अशा आम्ही सर्वांनी ते निमूटपणे खाल्ले होते.

यंदा बाई स्वतः खाली येऊन म्हणाल्या, “वहिनी, ईस्टरला दुपारी सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. सबब सांगायची नाही.”

सौ.ने भिंतीवरच्या पंचांगाकडे नजर टाकली आणि सबब सांगितली. “अहो, त्या रविवारी संकष्टी आहे. माझा उपास.”

“बघा! आमचे चाळीस दिवस त्या दिवशी सुटतात आणि नेमका तुमचा धरतो. असू दे, तुमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करते. पण यायचं.”

हा योगायोग मला वाटला तितका अघटित नव्हता, हे मागाहून हिशोब केल्यावर ध्यानात आले. ईस्टरची तारीख वर्षावर्षाला उड्या मारते याचे कारण तिचा धनी सूर्य नसून चंद्र आहे. इसवी सन ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मसभेनंतर जो शिरस्ता हळूहळू कायम झाला तो असा की, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणजे पनवेलच्या हिशोबाने, बहुतेक सालांत हनुमान जयंती झाली की पुढचा रविवार, आणि एखाद्या साली होळी झाली की पुढचा. पौर्णिमा गुरुवारी आली तर रविवारी संकष्टी येण्याचा संभव पुष्कळ. त्याच पौर्णिमेच्या आश्रयाला आमच्या गावातला आणखी एक सण असतो. पनवेलीस १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग आहे. तेल्याचा धंदा करून शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हणविल्या गेलेल्या बेने इस्राएल मंडळींचे ते प्रार्थनास्थान. त्यांचा वल्हांडणाचा सण याच दिवसांत येतो आणि त्यात आंबवलेले काही म्हणता काही चालत नाही. आंबट रसाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवायचे, यावरून पूर्वी त्यांनी या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ असे खणखणीत मराठी नाव दिले होते. एकाच चंद्राखाली एका घरात आंबवणाला बंदी, दुसऱ्यात चाळीस दिवसांच्या वर्ज्य पदार्थांना मुभा, आणि आमच्या घरात मारुतीच्या सुंठवड्याचा वाटीभर शिल्लक साठा, अशी त्या आठवड्याची एकूण परिस्थिती होती.

रिकाम्या हाताने जेवायला जायचे नाही, एवढ्यावर आमच्या घरात एकमत झाले. न्यायचे काय, यावर झाले नाही. सौ. पुरणपोळी म्हणाली, सूनबाई म्हणाली, मिठाईचा डबा नेऊ, चिरंजिवांनी आपल्या रिवाजाप्रमाणे मोबाइलमधून डोके वर न काढता “काहीही चालेल” असा तटस्थ अभिप्राय नोंदविला. आणि तेवढ्यात आमच्या सात वर्षांच्या नातीने एक चित्र पुढे करून हुकूम सोडला. चित्रात एक चौकोनी केक होता. परंतु त्याला केक म्हणणे म्हणजे सातबाऱ्याच्या उताऱ्याला कागद म्हणण्यासारखे आहे. त्यावर नांगरलेल्या काळ्या मातीचे वाफे होते, वाफ्यांत रांगेने केशरी गाजरे अर्धी रोवलेली होती, गाजरांना हिरवे शेंडे होते, आणि बांधावर, सदर जमिनीचा कब्जेदार असल्याच्या थाटात, उंच कानांचा एक पांढरा ससा बसलेला होता. केकच्या पोटातही गाजरच किसून घातलेले आहे, असे कळले. मला त्यातले तत्त्व फार आवडले. जे खरे गाजर ते किसून आत गडप करायचे, आणि जे खोटे, काजूच्या पिठाचे, ते रंगवून वर मिरवायचे. अस्सल दफ्तरात आणि नक्कल चव्हाट्यावर, हा सरकारी कामकाजाचा पायाच नव्हे काय!

पहिला पेच अंड्याचा पडला. आमच्या घरात अंडे येत नाही. म्हणजे पूर्वी मुळीच येत नसे, आता चिरंजीव ते बाहेर खाऊन येतात आणि सौ. तोंडाच्या वासावरून ते ओळखून गप्प बसते. तेव्हा केक बिनअंड्याचा करावयाचा हे ठरलेलेच होते; परंतु ज्या सणाचे सारे वैभव अंड्यात साठलेले, त्याच सणाला बिनअंड्याचा केक नेणे म्हणजे संक्रांतीला बिनतिळाचा तिळगूळ देण्यासारखे नव्हे काय, अशी शंका मी काढली. ईस्टरच्या अंड्याचे मूळ मोठे व्यवहारी आहे. मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती लोकांना उपवासकाळाचे चाळीस दिवस मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. परंतु हा हुकूम कोंबड्यांवर बजावण्याची काही तजवीज नव्हती. त्या आपल्या रोज उठून अंडी देतच राहत, आणि ईस्टर उजाडेपर्यंत घरोघरी अंड्यांची एवढी थकबाकी साचे की ती उकडणे, रंगवणे, वाटणे आणि खाणे एवढाच मार्ग उरे. हे सारे मी सविस्तर सांगितले. सौ.ने ऐकून घेतले आणि म्हणाली, “दही आणि सोडा घालते. फुगल्याशी मतलब.”

गाजरे आणण्याचे काम, म्हणजे ज्यात अक्कल लागत नाही ते काम, माझ्याकडे आले. उरण नाक्यावरच्या माझ्या नेहमीच्या भाजीवालीपुढे मी लाल गाजरांची मागणी केली, तेव्हा तिने माझ्याकडे, वैशाखात हुरडा मागणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले.

“लाल गाजरं होळीच्या आधीच गेली, बाबा. आता ही केशरी. हलवा करायचाय काय?”

“नाही, केक.”

“मग काय, ही चालतील,” ती म्हणाली. हलव्याच्या नावाने तिच्या मुद्रेवर जे गांभीर्य होते ते केकच्या नावासरशी नाहीसे झाले. वास्तविक पाहता केशरी हाच या कंदाचा मागाहून आलेला रंग आहे. मध्य आशियात, अफगाणिस्तानाच्या आसमंतात, जेव्हा माणसाने त्याची लागवड सुरू केली तेव्हा ते जांभळे नाही तर पिवळे असे. केशरी वाण पुढे सतराव्या शतकात हॉलंडमधल्या बागाईतदारांनी नावारूपाला आणला. परंतु ज्याच्या जिभेवर पौष महिन्यातल्या लाल गाजराचा हलवा आहे त्याला हा इतिहास सांगून काय उपयोग? मी सव्वा किलो तोलून घेतली. घासाघीस केली नाही; केकच्या गाजरात घासाघीस करण्यासारखी आपुलकी मला वाटेना.

गुड फ्रायडेच्या दिवशी चौथ्या मजल्यावर कडक उपास आणि नीरव शांतता होती. आमच्याकडे किसणी चालू झाली. किसणीवर गाजर किसणे हे काम बाहेरून पाहणाऱ्याला फार सोपे दिसते. पहिले गाजर मोठ्या डौलाने सरकते. केशरी तंतू परातीत पडतात, आणि आपण काहीतरी निर्माण करीत आहोत अशी भावना मनाला होते. तिसऱ्या गाजराला मनगट बोलू लागते. पाचव्याला गाजराच्या मधला पिवळट कणा लागतो, जो किसला जात नाही, नुसता किसणीवरून घसरतो, आणि त्याच्याबरोबर बोटेही घसरतात. गाजर जसजसे लहान होत जाते तसतसे अंगठ्याचे नख आणि पत्र्याचे दात यांच्यामधले अंतर कमी होत जाऊन, शेवटी अशी एक घटका येते की, उरलेला बोटभर तुकडा किसावा की तोंडात टाकावा याचा निर्णय चटकन घ्यावा लागतो. मी प्रत्येक वेळी दुसरा मार्ग पत्करला, आणि सव्वा किलो गाजरांचा कीस हिशोबाने यावा त्यापेक्षा पुष्कळ कमी आला. सौ. परातीकडे पाहून हळहळली, ती मात्र निराळ्याच कारणासाठी. किसलेले गाजर दुधात न आटवता, तुपात न परतता, कच्चेच पिठात लोटून देणे हे तिला त्या गाजरावर अन्यायाचे वाटत होते. “एवढ्यात हलवा झाला असता हो,” असे ती दोनदा म्हणाली. पुढे दालचिनी, जायफळ आणि सुंठ यांची पूड त्यात पडली, सुंठ अर्थात मारुतीच्या प्रसादातलीच, आणि साऱ्या घरात सर्दीच्या काढ्याचा वास दरवळला. १८७२ सालापासून ‘श्री धूतपापेश्वर’चा औषधी कारखाना ज्या गावात आहे त्या गावात हा वास कोणाला अपरिचित नाही; जिन्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी दारातूनच माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

गाजराला गोड पदार्थात घालण्याची युक्ती विलायतेत जुनी आहे. परंतु तिला खरी बरकत आली ती दुसऱ्या महायुद्धात. साखर शिधापत्रिकेवर गेली, ती १९५३ पर्यंत सुटली नाही, आणि गाजरे मात्र उदंड होती. तेव्हा तिथल्या अन्नखात्याने ‘डॉक्टर कॅरट’ नावाचे, हातात डॉक्टरची बॅग घेतलेले एक हसरे गाजर जाहिरातींतून फिरवले आणि साखरेच्या जागी गाजर घालण्याचा उपदेश केला. रात्री शत्रूची विमाने पाडणाऱ्या वैमानिकांची नजर गाजरे खाऊनच एवढी तीक्ष्ण झाली, अशीही बातमी पिकविण्यात आली. खरे कारण रडार हे होते आणि ते गुप्त ठेवायचे होते. सरकारने जनतेला गाजर दाखवले असे आपण लाक्षणिक अर्थाने पुष्कळदा म्हणतो. प्रत्यक्ष गाजर दाखविणारे सरकार मला तरी एवढे एकच ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी पहिला केक झाला. कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाशी जाड मीठ पसरून, त्यावर भांडे ठेवून तो भाजला. त्याचा जो पंचनामा मी त्याच रात्री केला तो येणेप्रमाणे: मौजे पनवेल येथील राहत्या घरी, समक्ष पंच नात व सूनबाई, मजकूर केक भांड्यातून उपडा केला असता, कडेचा भाग सुमारे दोन बोटे जाडीचा, रंगाने काळपट व टणक, वाजवला असता वाजतो, मधला भाग भांड्यालाच चिकटून राहिलेला, ओला, चमच्याने काढता येण्याजोगा. कारण: किसाला सुटलेले पाणी पिळून काढले नाही. जबाबदारी: किसणाऱ्याची. यात अतिशयोक्ती नाही. एके काळी पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. घाटावरून माल घेऊन बंदरावर उतरलेले गाडीवान परत जाताना इथून चाके नेत. त्या नष्ट झालेल्या कारागिरीचा नमुना आमच्या ओट्यावर पडला होता: बाहेर लोखंडी धाव बसवल्यासारखी कड आणि मध्ये, जिथे तुंबा असायचा, तिथे भगदाड. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असे आपल्याकडे म्हणतात. आमची वाजत होती, पण मोडत नव्हती.

शनिवारी सूनबाई माहेरून एक ओव्हन घेऊन आली. कीस फडक्यात बांधून पिळला. निघालेला पेलाभर रस, जबाबदार इसम म्हणून, मला प्यावा लागला. दुपारी मध्येच वीज गेली आणि चाळीस मिनिटांनी आली. तेवढा वेळ सारे घर त्या बंद काचेपुढे, आतल्या माणसाची शस्त्रक्रिया चालू असावी तसे उभे होते. परंतु दैव अनुकूल होते. केक फुगला, मऊ निघाला, आणि त्याचा कोपरा चाखून सौ.ने पहिल्यांदाच त्या पदार्थाला उद्देशून ‘बरा’ हे विशेषण वापरले.

आता त्यावर पांढऱ्या लेपाचा थर हवा होता. मूळ कृतीत त्यासाठी आंबूस चवीचे एक विलायती चीज सांगितले होते. त्याच्या एवढ्याशा डबीची किंमत ऐकून मी दुकानातून डबी न घेता परत आलो आणि सौ.ने कापडी पिशवी घेऊन थेट डेअरी गाठली. पाडवा होऊन फार दिवस झालेले नव्हते. चक्का ताजा आणि मुबलक होता. अर्धा किलो चक्का आणि पिठीसाखर पुरणयंत्रातून फिरू लागली, आणि त्याबरोबर तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने सौ.चा हात वेलदोड्याच्या डबीकडे आणि तिथून केशराच्या पुडीकडे गेला. नातीने तो वरच्यावर धरला. “आजी, पांढरंच हवंय!” हात थांबला, पण वेलदोडा तोवर पडून गेला होता. मग त्या लेपाला काहीही म्हणा, आमच्या घरातल्या प्रत्येकाने त्याला श्रीखंड समजूनच वागवले. चिरंजीव येता-जाता बोट बुडवू लागले, मी मीठमसाला तपासावा तसा चमचा-चमचा तपासू लागलो, आणि केकवर थापायची वेळ आली तेव्हा अर्धा किलोतला जेमतेम पाव किलो शिल्लक उरला होता. तो बाजूंना पुरला नाही. तेव्हा बाजू उघड्याच ठेवून, शेताला कुंपण नसते, असा खुलासा देण्याचे ठरले.

मातीसाठी चॉकलेटची बिस्किटे लाटण्याने कुटली. गाजरांसाठी काजूची पूड आणि साखरेचा पाक आटवून गोळा केला; काजूकतलीची सिद्धी घरात होतीच. त्याला केशरी रंग दिला आणि सौ. पाटावर बसली. मी उकडीचे मोदक करताना तिच्या बोटांकडे अनेकदा पाहिले आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पारी धरून, गोळा फिरवत फिरवत ती एकामागून एक कळ्या पाडत जाते, आणि शेवटी सगळ्या कळ्या एका टोकाला मिटवून नाक काढते, ते सारे एखाद्या श्वासात होते. तीच बोटे आता गोळा तळहातावर वळून एका अंगाला निमुळता करीत होती, आणि सुरीच्या पाठीने त्यावर आडव्या बारीक रेघा ओढीत होती. पहिली दोन गाजरे झाली. तिसऱ्याला, लक्ष नसताना, कळ्या पडल्या आणि नाक आले. तो केशरी मोदक नातीने खाऊन टाकला. शेंड्यांसाठी हिरव्या कागदाच्या झिरमिळ्या आणल्या होत्या, त्या बाजूला सारून सौ.ने प्रत्येक गाजराच्या डोक्यात कोथिंबिरीची एकेक कोवळी काडी खोवली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गाजर आणि कोथिंबीर एकाच कुळातली, तेव्हा ती शोभून दिसली यात नवल नाही, परंतु सौ.ला ते कूळ ठाऊक नव्हते. शेवटी वरून कोथिंबीर घातल्याशिवाय तिच्या हातून कोणताही पदार्थ पुरा होत नाही, एवढाच त्यातला कार्यकारणभाव.

ससा नारळाच्या वडीच्या मिश्रणाचा केला. एक मोठा लाडू, त्यावर एक लहान, डोळ्यांना दोन मिरे, आणि काजूच्या पिठाचे दोन उंच कान. रविवारी सकाळी अकरा वाजता तो बांधावर असा ऐटीत बसला होता की, त्याची अंडी लपवण्याची तयारी पूर्ण झाली असावी असे वाटले. परंतु एप्रिलमधल्या पनवेलची हवा ज्याने अनुभवली आहे त्याला पुढचे सांगणे नको. लिफ्ट बंद होती. ताट हातांवर तोलून मी, मागे सौ., पुढे वाट मोकळी करणारी नात, असा तो छबिना तीन जिने चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर सशाचा उजवा कान, घामेजून, हळूच मागे ओघळला आणि पाठीवरून सरकत शेपटीच्या जागी जाऊन चिकटला. तिसऱ्या मजल्यावर डावा कान मधोमध मोडला. सूनबाईने जिन्यातच शस्त्रक्रिया करून त्या कानाचे दोन तुकडे डोक्याच्या दोन्ही अंगांना बसवले, म्हणजे कानांची संख्या तरी कायम राहिली. शेपटीला हात लावायला वेळ नव्हता.

चौथ्या मजल्यावर दार उघडले. भरलेल्या घराने ‘वा, वा’ केले. खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी चष्मा वर सरकवून ताटाकडे निरखून पाहिले: दोन आखूड गोल कान, मिऱ्याएवढे डोळे, लांब शेपूट. मग त्या सौ.कडे वळून अत्यंत प्रेमाने म्हणाल्या, “बाई, आज तुमची संकष्टी, म्हणून गणपतीचा उंदीर आणलात होय? फार गोड झालाय हो.”

आमच्यापैकी कोणीही तक्रार नोंदवली नाही. नातीने एकदा तोंड उघडले होते, पण तिच्या आईने त्यात गाजर घातले. जेवण उत्तम झाले. सौ.साठी खरोखरच साबुदाण्याची खिचडी होती, आणि दाण्याचे कूट इतके बेताचे पडले होते की सौ.ने कृती विचारून घेतली. हा मान ती सहसा कोणाला देत नाही. केक कापला, सर्वांनी बशा भरून माती खाल्ली, आणि आयुष्यात प्रथमच ते क्रियापद मला गौरवाचे वाटले. चक्क्याच्या लेपाबद्दल वरच्या बाईंनी सौ.ला बाजूला घेऊन विचारलेही: यात वेलदोडा आहे ना? उंदीर मात्र कापायला कोणी धजेना. त्याला बांधासकट उचलून ताटात परत ठेवण्यात आले. आणि रिकामे जाऊ नये म्हणून त्या ताटात बाईंनी स्वतः केलेली सहा अंडी ठेवली, गुलाबी, पिवळी, निळी, वर साखरेची नक्षी काढलेली. मार्झिपॅनची, म्हणजे इकडच्या रिवाजाप्रमाणे काजूची. “एरवी यात अंड्याचा पांढरा बलक घालतात,” त्या म्हणाल्या, “पण ही सहा तुमच्यासाठी वेगळी केली. अंडं न घालता.”

रात्री दहाच्या सुमारास चंद्रोदय झाला. गच्चीवरून पाहिले तेव्हा पूर्वेकडे तांबूस, थोडासा झिजलेला चंद्र वर आला होता, आणि त्यातल्या सशाचे दोन्ही कान जागच्या जागी होते. खाली येऊन सौ.ने गणपतीपुढे समई लावली, मोदकांचे तबक ठेवले, आणि नातीच्या हट्टाखातर तो उंदीरही बांधासकट देवापुढे आला. मग नातीने उंदराच्या शेजारी ती सहा अंडी ओळीने मांडली. सौ. नैवेद्याचे पाणी फिरवता फिरवता थबकली. देवघरात अंडी! तिने माझ्याकडे न पाहताच विचारले, “अहो, हे चालतं का? तुमच्या त्या शास्त्रात बघा काही आहे का.”

मी यादी मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली: वंध्येचा पुत्र, आकाशातले फूल, सशाचे शिंग. समोर काजूचे, बिनअंड्याचे, सशाने न घातलेले आणि उंदराने सांभाळलेले अंडे होते. इतकी वर्षे प्रकरणांवर शेरे मारण्यात गेल्यामुळे याही प्रकरणी मला फार विचार करावा लागला नाही.

“हरकत नाही,” मी म्हणालो, आणि तिने पाणी फिरवले.